आदराच्या आडवाटा

ग्वाल्हेरच्या 'लष्कर' या भागात वाढणारं मराठी मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत एक अवघड विद्या शिकून बसतं, आणि ती आपल्याला येते याचा त्याला पत्ताही नसतो. घरात आजोबांना ते 'तुम्ही' म्हणतं. फाटकाबाहेर येऊन शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या आजोबांशी बोलताना मात्र 'तुम' त्याच्या तोंडून निघत नाही. तिथं 'आप' लागतं. 'तुम' म्हटलं असतं तर शेजारी दुखावले असते आणि घरी बोलणी बसली असती. उलट हिंदी वर्गमित्राला बिनदिक्कत 'तुम' म्हणणारं हेच पोर मराठी वर्गमित्राला 'तुम्ही' म्हणालं, तर तो बावचळून जाईल. काही बिनसलंय का आपलं, असं त्याला वाटेल.

आणि तरी 'तुम्ही' आणि 'तुम' ही सख्खी भावंडं आहेत. दोघांचं मूळ प्राकृतातल्या 'तुम्हे'मध्ये. त्याचा अर्थ एवढाच होता, की समोर एकाहून अधिक माणसं आहेत. मराठीत या अनेकवचनानं एकट्या वडीलधाऱ्या माणसाचा मान राखायला सुरुवात केली आणि ते तिथंच स्थिरावलं. हिंदीत 'आप' पुढं आलं, आणि 'तुम' एक पायरी खाली सरकलं. रक्त एक, घरं दोन, आणि दोन घरांत मान वेगळा.

हा प्रकार आपल्याच मुलखापुरता असेल असं वाटत असेल, तर पोर्तुगीज भाषेकडं वळून पाहावं. लिस्बनमध्ये घरच्या माणसाला, जिवलग मित्राला 'तू' म्हणतात. हो, आपलाच 'तू'. उच्चार तोच, अर्थ तोच, आणि हा योगायोग नाही. लॅटिनमधला 'तू' आणि संस्कृतातला 'त्वम्' एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. पोर्तुगीजमधले 'नोस' म्हणजे आम्ही आणि 'वोस' म्हणजे तुम्ही हे संस्कृतातल्या 'नः' आणि 'वः' यांचे दूरचे भाऊबंद. हजारो वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, एक वाट अटलांटिकच्या काठाला गेली, एक सिंधू-गंगेच्या खोऱ्यात उतरली; देव बदलले, अन्न बदललं, लिपी बदलल्या, आणि समोरच्या जवळच्या माणसाला हाक मारायचा एवढासा शब्द दोन्हीकडं जसाच्या तसा उरला.

हे दोन 'तू' समोरासमोर आले ते वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरल्यानंतर. त्यातला पोर्तुगीज 'तू' ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालूनही गेला असणार. १५७९ च्या नोव्हेंबरात अकबराच्या बोलावण्यावरून गोव्याहून तीन पाद्री निघाले: रोदोल्फो अक्वाविवा, आंतोनी मोन्सेरात आणि फ्रांसिस्को हेन्रिकेश. एक इटालियन, एक कातालान, एक होर्मुझचा. पण गोव्याच्या त्यांच्या मिशनचा कारभार चालायचा पोर्तुगीजमध्ये. सुरत, मांडू, उज्जैन, नरवर, ग्वाल्हेर अशी वाट तुडवत १५८० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. वाटेत ते एकमेकांशी कोणत्या सर्वनामानं बोलले, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. सर्वनामं अशीच असतात, दिवसभर तोंडात आणि नोंदीत कुठंच नाहीत.

पोर्तुगालमध्ये 'तू'च्या पलीकडं गेलं की अडचण सुरू होते. तिथं दुसरा एक शब्द आहे, 'वोसे'. ब्राझीलच्या बहुतेक भागांत 'वोसे' म्हणजे रोजचा, साधा, कुणालाही म्हणता येणारा शब्द. मित्राला वोसे, बायकोला वोसे, दुकानदाराला वोसे. आदर दाखवायचा असेल तर 'ओ सेन्योर' किंवा बाईमाणसाला 'आ सेन्योरा'. पण साओ पावलोचा माणूस हाच 'वोसे' घेऊन लिस्बनला गेला आणि एखाद्या वयस्क गृहस्थाला तो शब्द वापरला, तर त्या गृहस्थांच्या कपाळावर आठी पडू शकते. त्यांच्या कानाला 'वोसे' ना धड आपुलकीचा, ना धड अदबीचा. ग्वाल्हेरच्या पोराला 'तुम' आणि 'तुम्ही'मधलं जे अंतर पार करावं लागतं, तेच इथं एका भाषेच्या दोन किनाऱ्यांमध्ये पसरलेलं आहे.

'वोसे'चं चरित्र मात्र असं आहे, की ते एकदा कळलं की भाषेकडं पाहायची नजर बदलते. हा शब्द मुळात सर्वनाम नव्हताच. चौदाव्या शतकात पोर्तुगालात राजाला उद्देशून म्हणत, 'वोसा मेर्से', म्हणजे 'आपली कृपा'. राजाला थेट 'तुम्ही' म्हणायचं धाडस करायचं नाही. त्याच्या कृपेशी बोलायचं. आपल्या कृपेला हे मान्य आहे का? आपली कृपा उद्या येणार का? कृपा ही तिसरी व्यक्ती, त्यामुळं क्रियापदही तृतीय पुरुषाचं. मग दरबारी सरदार एकमेकांना तेच म्हणू लागले, कारण कुणाला मान नको असतो? राजासाठी मग वरचे शब्द शोधावे लागले: 'आपली उच्चता', पुढं 'आपलं ऐश्वर्य'. सरदारांचा शब्द सावकारांनी उचलला, सावकारांचा शब्द नोकरांनी. वापरून वापरून 'वोसा मेर्से'चं 'वोसेमेसे' झालं, त्याचं 'वोज्मेसे', मग 'वोसे'. ब्राझीलच्या रस्त्यावर आज भराभर बोलताना त्याचं नुसतं 'से' ऐकू येतं. राजाच्या कृपेचा एक अक्षराएवढा उरलेला तुकडा! स्पॅनिशमधला 'उस्तेद'ही असाच, 'आपली कृपा' याच शब्दांपासून झिजत आलेला. पण तो अजून आदराच्या पायरीवर टिकून आहे.

उपाध्यांची ही घसरगुंडी सत्ताधाऱ्यांच्याही नजरेत आली. १५९७ साली दुसऱ्या फिलिपनं, जो तेव्हा स्पेनबरोबर पोर्तुगालचाही राजा होता, पोर्तुगालात कुणाला बोलताना-लिहिताना कोणती उपाधी लावायची याचा कायदाच काढला. कायदे असे पुढंही निघाले. शब्द घसरायचे थांबले नाहीत. लिंडली सिंत्रा या पोर्तुगीज भाषाशास्त्रज्ञानं १९७२ साली या संबोधनांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. आजही या विषयाचा अभ्यास त्याच्यापासून सुरू होतो.

ही कथा मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. जुन्या पत्रांचे मायने आठवा. 'राजमान्य राजश्री' हा मान एकेकाळी खरोखर राजदरबारी मान्यता असलेल्या माणसाचा. सरदार, मुत्सद्दी, कारभारी यांच्या नावाआधी तो लागे. पुढं तो इतका सैल झाला की शाळामास्तरापासून किराणा दुकानदारापर्यंत ज्याला पत्र जाईल त्याच्या पाकिटावर 'रा. रा.' अशी दोन अक्षरं उमटू लागली. मग तीही गेली आणि 'श्री.' उरलं. 'वोसा मेर्से'चं 'से' व्हायला जी सहा-सातशे वर्षं लागली, त्याच वाटेवरचा हा आपला प्रवास.

मराठ्यांच्या पत्रव्यवहारात तर मायना हे एक शास्त्रच होतं. कुणी कुणाला कसं लिहावं, वडिलांना काय, सरदाराला काय, सोयऱ्याला काय, याचे नियम सांगणारी 'मेस्तकं' कारकून पाठ करत. पेशव्यांना लिहिताना 'स्वामींचे सेवेसी'. सरदाराला 'राजश्री अमुक गोसावी यांसी'. थोरांना 'तीर्थरूप', धाकट्यांना 'चिरंजीव'. बारकाईनं पाहिलं तर यात पत्र मिळणाऱ्या माणसाला थेट हाक कुठंच नाही. पत्र माणसाला जात नाही, त्याच्या सेवेला जातं, त्याच्या चरणांना जातं. संस्कृतात मोठ्या गुरूच्या नावापुढं 'पाद' लागतं, तेही हेच. फारसी-अरबी वळणाच्या दरबारी बोलीतलं 'हुजूर' म्हणजे मुळात उपस्थिती, आणि 'जनाब' म्हणजे उंबरठ्याकडची जागा. ग्वाल्हेरच्या दरबारात हे सारे शब्द एकाच दालनात वावरले असतील: मराठी स्वामी, हिंदी सरकार, फारसी हुजूर. पोर्तुगीज माणूस कृपेशी बोलतो, मराठी कारकून चरणांशी, फारसी मुन्शी उंबरठ्याशी. प्रत्यक्ष माणसाच्या डोळ्यांत पाहून 'तू' म्हणायला कुणीच तयार नाही.

मला हे विलक्षण वाटतं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दरबारांत, आदराचा शब्द घडवताना, माणसं त्याच त्याच आडवाटांनी गेली. एक वाट अनेकवचनाची: एकट्याला अनेक समजायचं. मराठी 'तुम्ही', जुना पोर्तुगीज 'वोस', रोमन सम्राटाला उद्देशून वापरलेलं लॅटिन अनेकवचन, सगळे त्या वाटेवरचे. दुसरी वाट माणसाऐवजी त्याच्या गुणाशी, पायाशी, दाराशी बोलण्याची. तिसरी, समोर बसलेल्याबद्दल जणू तो तिथं नाहीच असं बोलण्याची.

ही तिसरी वाट संस्कृतानं कधीच रुळवली होती. 'त्वं गच्छसि' म्हणजे तू जातोस; पण मान द्यायचा तर 'भवान् गच्छति'. अर्थ 'आपण जाता', क्रियापद मात्र 'तो जातो' याचं. शाळेत हे रूप पाठ करताना हा तृतीय पुरुष इथं का घुसला असा प्रश्न कित्येकांना पडला असेल. आधुनिक भाषाभ्यासकांच्या मते 'भवान्' हा 'भगवान्' याचाच आखडलेला अवतार. म्हणजे ही हुबेहूब 'वोसा मेर्से'ची गोष्ट, दोन हजारांहून अधिक वर्षं आधी घडलेली! एका मोठ्या उपाधीनं सुरुवात, तृतीय पुरुषाचं क्रियापद, आणि झिजत झिजत झालेलं सर्वनाम. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सारखंच गणित मांडलं आणि उत्तरही सारखंच आलं.

मराठीत ही वाट अजून बुजलेली नाही. 'बाबांनी आता पानावर बसावं,' असं बाबांनाच म्हणतात. 'महाराजांनी आज्ञा करावी,' असं महाराजांच्या तोंडावर म्हणत. गवयाच्या समोर बसून शिष्य विचारतो, 'बुवांना चहा चालेल?' ग्वाल्हेर घराण्याचं गाणं महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तरुणपणी शिकायला ग्वाल्हेरलाच आले होते. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी तिथले. 'बुवा' ही उपाधी, हाक आणि सर्वनाम असं तिन्ही काम करते. पोर्तुगालमध्ये याच थाटात मूल वडिलांना विचारतं, 'ओ पाय केर काफे?' म्हणजे 'बाबांना कॉफी हवी का?' सगळ्या घरांत नाही, पण काही घरांत आजही. मारियालाच विचारायचं, 'मारिया जेवली का?' हेही तिथं अगदी स्वाभाविक. 'वोसे'नं कुणी दुखावेल आणि 'तू'नं सलगी होईल, अशा पेचात पोर्तुगीज माणूस सर्वनामच टाळतो आणि नाव, नातं किंवा हुद्दा घालून वाक्य पुरं करतो.

आपल्याकडच्या बायकांनी तर यापुढची मजल मारली होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'तुम्ही' म्हणायलाही संकोच. मग 'इकडून येणं कधी व्हायचं?', 'इकडची स्वारी आली का?' 'इकडं' म्हणजे मुळात एक दिशा. माणसाऐवजी दिशेशी बोलायचं! जपानीमधलं 'आनाता' हे आजचं सर्वनामही मुळात 'त्या तिकडं' अशा अर्थाचं दिशादर्शक. टोकियो आणि सदाशिव पेठ यांना जोडणारा कोणताही रस्ता नव्हता, आणि तरीही दोन्हीकडं दिशाच माणूस झाली.

'आपण' या शब्दापाशी मात्र मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण एवढा अष्टपैलू शब्द पोर्तुगीजमध्येही मला दिसला नाही. त्याचं मूळ संस्कृत 'आत्मन्', प्राकृतात 'अप्पण'. म्हणजे 'स्वतः'. 'तो आपण होऊन आला' यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. 'आपण यावं' म्हटलं की तोच शब्द समोरच्या माणसाच्या मानाचा होतो. 'चल, आपण जाऊ' यात तो मी आणि तू दोघांना एका मुठीत घेतो. आणि 'आपण नाही बुवा कुणाला घाबरत' यात तो चक्क 'मी' असतो. मी, तू, आम्ही-तुम्ही मिळून, आणि स्वतः. व्याकरणाच्या तक्त्यात ज्या घरांमध्ये भिंती आहेत त्या सगळ्यांत हा शब्द मोकळा फिरतो, आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही.

गोंधळ होत नाही त्याचं श्रेय क्रियापदाला. 'आपण जाऊ' आणि 'आपण जा' यांतला फरक क्रियापद सांगतं. 'आपण आलो' म्हणजे तू नि मी, 'आपण आलात' म्हणजे तुम्ही. हिंदीतला 'आप' हाही आत्मन्‌चाच वंशज. पण त्यानं क्रियापद घेतलं ते तृतीय पुरुषाचं: 'आप आए हैं', जसं 'वे आए हैं'. म्हणजे मराठीत 'आपण' समोरच्याशी बोलतो, हिंदीत 'आप' व्याकरणानं तिऱ्हाइताबद्दल बोलतो, 'भवान्'सारखाच, 'वोसे'सारखाच. दोन बहिणी भाषांमध्ये एकाच शब्दानं हे दोन वेगळे निर्णय घेतलेत, आणि ग्वाल्हेरचं मूल ते दोन्ही निर्णय दिवसातून शंभर वेळा, न चुकता अमलात आणतं.

'आम्ही' आणि 'आपण' हा भेदही मराठीचं मोठं धन आहे. 'आम्ही सिनेमाला चाललोय' म्हणजे तू नाहीस. 'आपण सिनेमाला चाललोय' म्हणजे तूही आहेस. पोर्तुगीजमधल्या 'नोस'ला हे सांगता येत नाही, पुस्तकी हिंदीतल्या 'हम'लाही नाही. तेलुगू-तमिळसारख्या द्राविडी भाषांमध्ये हा भेद पक्का आहे, आणि त्यांच्या शेजारानं तो मराठीत रुजला असं बरेच अभ्यासक मानतात. मध्य प्रदेशच्या रोजच्या हिंदीत मात्र 'अपन' आहे: 'अपन चलें?' पुस्तकानं जे दिलं नाही ते बोलीनं स्वतःच घडवून घेतलं. पोर्तुगीजनंही 'आम्ही'साठी एक बोलीतली वाट काढली आहे. 'आ झेंत' म्हणजे मुळात 'लोक, माणसं'. ब्राझीलमध्ये आज बोलताना 'नोस'पेक्षा 'आ झेंत' सर्रास ऐकू येतं, आणि त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी. 'लोक जातो' म्हणायचं आणि अर्थ घ्यायचा 'आम्ही जातो'.

सर्वनाम एका घराण्याचं आणि क्रियापद दुसऱ्या घराण्याचं, अशी सरमिसळ शिक्षकांना खटकते आणि बोलणाऱ्यांना मुळीच नाही. दिल्लीपासून मुंबईपर्यंत 'आप बैठो' ऐकू येतं. 'आप' वरच्या पायरीवरचं, 'बैठो' मधल्या. मला तर ते फार नेमकं वाटतं. मान आहे, पण परकेपणा नको, असा भाव ज्याला हवा त्यानं दोन पायऱ्यांवर दोन पाय ठेवून तो मिळवला. ब्राझीलच्या अनेक भागांत 'तू वाय' म्हणतात: सर्वनाम 'तू'चं, क्रियापद 'वोसे'चं. व्याकरण म्हणेल 'तू वाइस' हवं. लोक 'तू वाय'वर सुखी आहेत.

'वोसे' तृतीय पुरुषाची रूपं घेत असल्यामुळं आणखी एक घोळ झाला. 'सेऊ' हे तृतीय पुरुषी षष्ठीचं सर्वनाम: त्याचं, तिचं, त्यांचं. 'वोसे'लाही तेच लागतं. म्हणजे 'सेऊ पुस्तक' म्हटलं तर तुझं की त्याचं? ब्राझीलकरांनी तोड काढली: 'सेऊ' बहुतेक समोरच्याला ठेवलं, आणि तिऱ्हाइतासाठी 'देले', म्हणजे 'त्याचं', असं वेगळं वापरू लागले. आदरासाठी घेतलेल्या एका वळणामुळं षष्ठीच्या सर्वनामांची सगळी मांडणीच हलली. भाषेत एक वीट सरकवली की भिंतभर हालचाल होते, ती अशी.

लिंगाचं पाहा. 'वोसा ऐसेलेन्सिया', म्हणजे 'आपली श्रेष्ठता', हे नाम स्त्रीलिंगी. पण ते पुरुष मंत्र्याला उद्देशून असेल तर विशेषण पुल्लिंगी येतं. शब्द बाई असला तरी समोर बुवा आहेत हे पोर्तुगीज विसरत नाही. मराठीही विसरत नाही: 'बाई आल्या', 'बुवा आले'. अनेकवचनानं मान दिला, तरी लिंग माणसाचंच राहिलं.

सर्वनाम वाक्यात बसतं कुठं, यावरूनही पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये दोन तट पडले. पोर्तुगीजमध्ये 'मला', 'तुला' अशी छोटी सर्वनामं क्रियापदाला चिकटतात. पोर्तुगालात सहसा मागून, ब्राझीलमध्ये बोलताना बहुधा पुढून. पण भविष्यकाळात जुनं पोर्तुगीज जे करतं ते ऐकून मी थक्क झालो: सर्वनाम क्रियापदाच्या पोटात शिरतं. 'दारेइ' म्हणजे मी देईन. 'मी तुला देईन' हे 'दार-ते-एइ'. 'ते' मधोमध! याचं कारण असं, की 'दारेइ' हे मुळात दोन शब्द होते, 'दार' म्हणजे देणं आणि 'हेइ' म्हणजे मला आहे. 'मला देणं आहे' यातून 'मी देईन' झालं. दोन शब्द एकजीव झाले तरी त्यांच्यामधली जुनी फट सर्वनाम विसरलं नाही आणि त्या फटीत जाऊन बसत राहिलं. मराठीत 'देणार आहे' यातले दोन शब्द अजून वेगळे आहेत, म्हणून आपल्याला ती फट दिसते. पोर्तुगीजमध्ये ती फक्त सर्वनामाला ठाऊक. ब्राझीलच्या बोलण्यातून ही रचना केव्हाच गेली. २०१६ साली तिथले राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर भाषणात ती वापरू लागले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचीही बातमी केली. त्याच्या कितीतरी आधी, १९२५ साली, ओस्वाल्द द आंद्रादे या कवीनं सिगारेट मागताना सर्वनाम आधी घ्यायचं की नंतर एवढ्याच मुद्द्यावर एक छोटी कविता लिहिली होती. तिच्यात मास्तरांच्या व्याकरणासमोर ब्राझीलच्या रस्त्यावरचा माणूस उभा केला आहे.

इथं इतिहासातला एक जुळून आलेला प्रसंग सांगायलाच हवा. नेपोलियनच्या सैन्याला चुकवून पोर्तुगालचा दरबार समुद्र ओलांडून १८०८ साली रिओ द जानेरोला पोहोचला. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि तिथं राजधानी वसवली. त्या तळाचंच नाव 'लष्कर'. दोन वर्षांच्या अंतरानं दोन दरबार आपापल्या भाषेच्या माहेरापासून दूर स्थिरावले. शिंद्यांबरोबर आंग्रे, शितोळे, फाळके अशी घराणी आली, त्यांच्याबरोबर कारकून, पुजारी, गवई, आचारी. त्यांचं मराठी चहूबाजूंनी हिंदीच्या वेढ्यात राहिलं. रिओतल्या पोर्तुगीजला आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी भाषांचा शेजार होता. रिओत पोर्तुगीज हीच सगळ्यांची भाषा झाली, म्हणून 'वोसे' मुक्त पसरला. ग्वाल्हेरात मराठी घरापुरती, दरबारापुरती राहिली, म्हणून तिचा 'तुम्ही' हिंदीच्या 'तुम'मध्ये विरघळला नाही. दोन्ही पायऱ्या शेजारी शेजारी, वेगवेगळ्या उंचीवर, दोनशे वर्षांहून अधिक काळ उभ्या आहेत.

याच मुलखानं मुक्तिबोध बंधू दिले. तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली जन्मलेले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. राजकवी भा. रा. तांबे याच संस्थानातले, मुंगावलीचे. एकाच घरात वाढलेल्या दोन भावांपैकी एकाच्या कवितेतला वाचक 'तुम' असतो आणि दुसऱ्याच्या कवितेतला 'तू' किंवा 'तुम्ही', याचा त्यांच्या कवितेच्या आवाजावर काय परिणाम झाला असेल, यावर कुणी मन लावून लिहिलं तर ते वाचायला मी आतुर आहे.

मान देण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती उलट दिशेनं जाते: समोरच्याला चढवण्याऐवजी स्वतः उतरायचं. जुन्या मराठी पत्राच्या शेवटी 'आपला सेवक', जुन्या पोर्तुगीज पत्राच्या शेवटी 'आपल्या कृपेचा चाकर'. महादजी शिंदे या रीतीचे मोठे जाणकार. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद मिळवणारा, उत्तर हिंदुस्थान ज्याच्या शब्दावर चाले असा हा माणूस स्वतःला 'पाटील' म्हणवून घेई आणि लोकही त्याला 'पाटीलबाबा' म्हणत. १७९२ साली पुण्याच्या दरबारात आला तेव्हा पेशव्यांच्या जोड्यांपाशी जाऊन बसला. उपाध्यांच्या शिडीवर सगळे वर धावत असताना खालची पायरी निवडण्यात केवढं सामर्थ्य असतं, हे त्याला कळत होतं.

देवाशी बोलताना तर सगळे हिशेब पालटतात. पोर्तुगीज प्रार्थनेत ईश्वराला 'वोस' म्हणतात. बहुतेकांच्या रोजच्या बोलण्यातून हे सर्वनाम उठून गेलं. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत आणि चर्चमध्ये तेवढं उरलं. मराठी माणूस विठोबाला 'तू' म्हणतो, त्याच्याशी भांडतो, त्याला जाब विचारतो. गावच्या पाटलाला 'तुम्ही' म्हणणारा वारकरी पंढरीच्या राजाला 'तू' म्हणतो. आईचंही तेच: 'आई, तू जेवलीस का?' वडिलांना पिढ्यानुपिढ्या 'तुम्ही' म्हणणाऱ्या घरांतही आई 'तू'च राहिली. हिंदी शेजारी हे ऐकून चमकतात, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आईला 'आप' म्हणतात. ब्राझीलमध्येही कित्येक घरांत मुलं आईला 'आ सेन्योरा' म्हणत वाढली, आणि पोर्तुगालातल्या घरी 'तू' म्हणत.

आता ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली तरुण मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीला जातात. तिथल्या मराठी सहकाऱ्यांत पहिल्याच दिवशी एकमेकांना 'तू' म्हणायची चाल आहे. बायका नवऱ्याला 'अरे' म्हणतात, मुलं बाबांना 'ए बाबा'. ग्वाल्हेरहून आलेल्या मुलाची जीभ 'तुम्ही'वर अडखळते, कारण त्याच्या घरचं मराठी अजून जुन्या पायऱ्या मोजतं. तो परत घरी येतो तेव्हा धाकटी बहीण वडिलांना 'तू' म्हणते आणि आजी ते ऐकून गप्प राहते. पण दारावर दूधवाला आला की तीच बहीण त्याला 'भैया, आप कल जल्दी आना' असं म्हणते, आणि 'आना' या क्रियापदरूपाला कोणत्याच पायरीचं बंधन नसल्यामुळं त्या वाक्यात सगळा मान एकट्या 'आप'नं वाहून नेलेला असतो.